खिचडी, वही आणि वेफर्सचं पाकीट

डिसेंबरातल्या कडाक्याच्या थंडीत एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेमागे जा. खिचडी शिजते त्या खोलीपलीकडे पालापाचोळ्याचा आणि भाजीच्या सालींचा कमरेइतका ढीग रचलेला असेल, तर खोऱ्याने तो मधोमध उकरा. आतून वाफ येईल. खरीखुरी वाफ! हात मात्र घालू नका. आत ६० अंश सेल्सियस असू शकतं, आणि आपल्याला सोसवणारं अंघोळीचं कढत पाणीसुद्धा ४५ अंशांच्या आतच असतं. खाली चूल नाही, वर ऊन नाही, कुणी काडी लावलेली नाही. मग ही धग आली कुठून?

उत्तर शेजारच्या वर्गात बसलं आहे. दुपारी मुलं खिचडी खातात. तिच्यातल्या पिष्टाची शरीरात साखर होते, श्वासातला ऑक्सिजन त्या साखरेला गाठतो, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं आणि उष्णता सुटते. म्हणून मुलाचं अंग ३७ अंशांवर राहतं. ढिगातले जिवाणूही नेमकं हेच करतात. अन्न तेच, ऑक्सिजन तोच, शेवटी उरणारं पाणी आणि वायूही तेच. फरक इतकाच, की मुलाला घाम येतो, वाऱ्यावर ते गार होतं. ढिगाच्या पोटातल्या जिवाणूंना गार व्हायला जागाच नसते. ढीग साधारण मीटरभर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असला, की आतली उष्णता बाहेर पडण्याआधी नवी तयार होते. टोपलीभर सालींचा ढीग कधी तापत नाही, कारण तो जेवढा कमावतो तेवढं लगेच गमावतो.

आता कच्चा माल किती, तो हिशेब करू. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ-कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी असं प्रमाण ठरलेलं आहे. शंभर पटाच्या शाळेत रोज १० किलो तांदूळ आणि ५ किलो भाजी आली. स्वयंपाकाच्या ताईंनी सोललेली दुधीची सालं, मेथीच्या काड्या, कोबीचे दांडे आणि ताटात राहिलेले चार घास, एवढं तर दररोज निघणारच. आवारात चिंच, कडुलिंब नाहीतर पिंपळ असतोच, म्हणजे पाचोळ्यालाही तोटा नाही. (हा पाचोळा झाडून गोळा करायचा आणि कोपऱ्यात पेटवून द्यायचा, ही आपली लाडकी सवय. पुढे वाचलंत की ती किती उधळी आहे ते कळेल.)

नुसती सालं टाकली तर ढीग घाण मारतो. नुसता पाचोळा टाकला तर महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. असं का? जिवाणूला दोन गोष्टी लागतात: जाळायला कार्बन आणि स्वतःचं शरीर बांधायला नायट्रोजन. एक भाग नायट्रोजनला २५ ते ३० भाग कार्बन हे प्रमाण त्याला सगळ्यात मानवतं. सुक्या पानांत नायट्रोजनच्या ५०-६० पट, कधी त्याहूनही जास्त कार्बन असतो. भाजीच्या सालींत जेमतेम १५-२० पट. म्हणून एक थर हिरवा, त्यावर जाड थर सुका. नायट्रोजन जास्त झाला तर जिवाणूंना तो वापरता येत नाही, अमोनिया होऊन उडून जातो आणि नाकाला झोंबतो. पाचोळ्याचा आणखी एक उपयोग म्हणजे थरांमध्ये हवा खेळती राहते. हवा कोंडली की ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात, आणि मग कुजक्या अंड्यासारखा वास येतो. ओलाही हवा, पिळलेल्या फडक्याइतका. तो आणायला टाकी लागत नाही. शंभर मुलं जेवणाआधी आणि जेवणानंतर हात धुतात, ते पाणी नळाखालून चर काढून इकडे वळवलं की झालं. उरलेलं परसबागेतल्या अळूला.

हे शास्त्र आपल्याला परकं नाही. होळकरांच्या इंदूरमध्ये १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज शेतीशास्त्रज्ञ काम करत होता. काडीकचरा, शेण आणि माती थराथराने रचून हमखास खत बनवण्याची त्याची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. १९३१ साली तिच्यावर जे पुस्तक निघालं त्यावर दोन नावं आहेत: आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. पहिलं नाव सगळ्यांना ठाऊक, दुसरं आपल्यालासुद्धा नाही! पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांचं टाकं सुचवलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, आणि भिंतींना मुद्दाम ठेवलेली भोकं. ढीग वरखाली करायला माणूस लागू नये, हवा आपोआप आत जावी म्हणून ती भोकं. त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ते ‘नाडेप’ झालं आणि शेतकरी त्यांना नाडेपकाका म्हणू लागले. भोकं पडलेली भिंत बघून गवंड्याने काम अर्धवट टाकलं असं वाटू नये. खरी करामत त्या भोकांतच आहे.

आता ढिगाच्या आत जाऊ, कारण खरं नाट्य तिथे आहे. पहिल्या दिवसांत आपल्यासारख्याच बेताच्या उबेत रमणारे जिवाणू कामाला लागतात. सालींतली साखर आणि पिष्ट ते झपाट्याने संपवतात आणि ढीग तापवत नेतात. ४० अंशांच्या पुढे गेलं, की त्यांना स्वतःलाच ती उष्णता सोसत नाही. स्वतः पेटवलेल्या उबेने ते स्वतःच बेघर होतात! पण त्याच कचऱ्यात दुसरी जमात निजलेली असते. सोसवेना इतकी उष्णता वाढेपर्यंत ती ढिम्म हलत नाही, आणि मग एकदम जागी होते. ५५-६० अंशांना आपली प्रथिनं विस्कटायला लागतात, या जिवाणूंची मात्र खरी सुरुवात तिथून होते. या टप्प्याचा फायदा असा, की ५५ अंशांच्या वर काही दिवस गेले की रोगजंतू आणि बहुतेक तणांचं बी मरून जातं. परसबागेला खत मिळतं आणि वर निंदणीही वाचते.

सोपं खाणं संपलं की ढीग निवायला लागतो. मग तिसरी फळी येते: बुरशी आणि ॲक्टिनोमायसीट नावाचे धाग्याधाग्यांनी वाढणारे जिवाणू. पानांच्या शिरा, काड्या, साली असला चिवट माल यांच्या वाट्याला येतो. पांढरट राखेसारखी झाक दिसली की समजा, हे आले. आणि मग ढिगाला वास येऊ लागतो तो ओळखीचा: पहिल्या पावसाचा. मृद्‌गंध म्हणून आपण ज्याच्यावर कविता करतो, त्यातला मुख्य रेणू हेच जिवाणू तयार करतात. त्याचं नाव जिओस्मिन. माणसाचं नाक तो किती कमी असताना ओळखतं? लाख कोटी भागांत चार-दहा भाग असला तरी पुरतो. हा वास जिवाणू का सोडतात, याचं एक सुंदर उत्तर २०२० साली मिळालं. स्प्रिंगटेल नावाचे, मुंगीहून बारीक आणि टुणकन उड्या मारणारे जीव मातीत असतात. ते या वासाने ओढले जातात, येऊन जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगाला चिकटवून पुढे घेऊन जातात. म्हणजे आपण पहिल्या सरीत डोळे मिटून जो श्वास घेतो ती जाहिरात मुळात आपल्यासाठी नव्हतीच. आणखी एक सांगतो. क्षयरोगावरचं पहिलं परिणामकारक प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली याच घराण्यातल्या जिवाणूपासून मिळालं.

तीन-चार महिन्यांनी ढीग उघडला की मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: ‘सर, अर्धा कुठे गेला?’ कमरेपर्यंतचा ढीग गुडघ्याखाली आलेला असतो. जमिनीत जिरला? नाही. मोठा भाग हवेत गेला, जिवाणूंच्या उच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होऊन. यात नवल वाटायला हवं ते वेगळ्याच गोष्टीचं: तो मुळात आलाही हवेतूनच होता. सतराव्या शतकात यान बाप्टिस्टा फान हेल्मॉन्ट या गृहस्थाने कुंडीत सुमारे ९० किलो कोरडी माती मोजून घातली आणि सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड ७५ किलोंच्या वर गेलं, माती घटली ती साठेक ग्रॅम. त्याला वाटलं, झाड पाण्याचंच बनलं. अर्धं बरोबर होतं. उरलेलं अर्धं हवेतून येत होतं, हे कळायला पुढची पिढ्यान्‌पिढ्यांची खटपट लागली. हवेच्या दर दहा हजार रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे रेणू जेमतेम चार. तेवढ्यातून वेचून वेचून चिंचेने खोड उभं केलं, शेतातल्या भाताने दाणा भरला. पाचोळा पेटवला तरी कार्बन हवेतच जातो, खरं आहे. पण मग खताला काहीच उरत नाही, नायट्रोजनही धुरातून उडतो, आणि तो धूर पहिलीच्या वर्गात शिरतो तो वेगळाच.

इथवर खिचडीचं झालं. आता वही घ्या.

भाताचं शीत आणि वहीचं पान यांत साम्य काय? दोन्ही एकाच साखरेचे! होय, ग्लुकोजचे. हजारो ग्लुकोज एकापुढे एक जोडले की भातातलं पिष्ट होतं, आणि हजारो ग्लुकोज एकापुढे एक जोडले की कागदातलं सेल्युलोजही होतं. फरक फक्त जोडणीत. पिष्टात सगळ्या कड्या एकाच बाजूने वळलेल्या, म्हणून साखळी वळणं घेत वेटोळी होते. सेल्युलोजमध्ये एक सुलट, एक उलट, म्हणून साखळी सरळसोट राहते आणि अशा साखळ्या एकमेकींना खेटून पक्क्या बसतात. पिष्टाच्या कुलपाची किल्ली आपल्या लाळेतच आहे. भाताचा घास बराच वेळ चावत राहा, गोड लागायला लागेल. सेल्युलोजच्या कुलपाची किल्ली माणसाकडे नाही. म्हणून गृहपाठाची वही खाऊन पोट भरत नाही, नाहीतर शाळेत वही हरवण्याची कारणं आणखी वाढली असती. गाय मात्र भिंतीवरचं पोस्टर सोलून निवांत चघळते. तिच्याकडेही स्वतःची किल्ली नाही. ती तिच्या पोटात भाड्याने राहणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे आहे. शाळेमागच्या ढिगातल्या तिसऱ्या फळीकडेही तीच आहे. एवढ्या एका गोष्टीवर, किल्ली कुणाकडे आहे का यावर, शाळेतल्या प्रत्येक कचऱ्याचं भवितव्य ठरतं.

पण कागदाला कुजवायची घाई कशाला? त्याचा पुन्हा कागद होतो, आणि तो होताना पाहणं हा जादूचा प्रयोग आहे. रफ वह्या फाडून तुकडे रात्रभर भिजत घाला. मिक्सरमधून फिरवा. घमेलंभर पाण्यात तो लगदा सोडा. डासांची जाळी लाकडी चौकटीवर ताणून बुडवा आणि आडवी वर उचला. पाणी निथळलं, की जाळीवर पातळ थर उरतो. कापडावर उलटा करा, दाबा, वाळवा. कागद! थोडा करडा, थोडा खडबडीत, पण कागद.

यात गोंद कुठे होता? कुठेच नव्हता. मिक्सरने सुटे झालेले, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे तंतू पुन्हा एकमेकांना धरून कसे बसले? सेल्युलोजच्या साखळीला जागोजागी ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे टोकेरी गट असतात आणि त्यांची एकमेकांकडे ओढ असते. ओलं असताना मध्ये पाण्याचे रेणू शिरतात आणि तंतू एकमेकांना सोडून पाण्यालाच धरतात. म्हणून भिजलेली वही हातात घेतली की फाटते. वाळत जाताना पाणी निघून जातं, तंतू जवळ ओढले जातात आणि पुन्हा हात धरतात. असा एक हात अगदी अशक्त असतो, पण कागदाच्या एका कपट्यात ते मोजता येणार नाहीत इतके असतात. पाण्याने सोडवायचं, उन्हाने बांधायचं. यापेक्षा स्वस्त यंत्रणा कुणी सुचवून दाखवावी.

शाई मात्र सहज जात नाही. मोठ्या कारखान्यांत लगद्यात साबण घालून खालून हवेचे बुडबुडे सोडतात. शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि काळा फेस काढून टाकतात. शाळेत हे कुणी करत नाही आणि करण्याची गरजही नाही. दिवाळीच्या भेटकार्डाला करडा कागद चालतो, झेंडूची एखादी पाकळी त्यात घातली तर दिसतोही छान.

हे अनंतकाळ चालत नाही. दर फेरीला तंतू तुटतात, ताठर होतात. पाच ते सात फेऱ्यांनंतर ते इतके आखूड होतात, की हात धरायला लांबीच उरत नाही. मग त्यांचा खरा मुक्काम खताचा ढीग. शिवाय भंगारातला कागद कारखान्यापर्यंत नेणं, भिजवणं, वाळवणं याला पाणी आणि वीज लागतेच. म्हणून मला आपल्या घरोघरची जुनी रीत जास्त हुशार वाटते. जूनच्या पहिल्या आठवड्यात गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं फाडून, दाभणाने शिवून रफ वही करायची. शेजारच्या ताईची पुस्तकं निम्म्या किमतीत घ्यायची आणि खाकी कव्हर घालून स्वतःची करायची. यात तंतूला धक्काही लागत नाही.

आणि गंमत अशी, की कागद जन्मालाच आला तो टाकाऊतून. इसवी सन १०५ च्या सुमारास चीनच्या दरबारातल्या त्साय लुनच्या नावावर कागदाचं श्रेय आहे. त्याने वापरलं काय? झाडाची साल, जुन्या चिंध्या आणि मासे पकडायची फाटकी जाळी. दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा लागतं, तिथले कागदी शतकानुशतकं चिंध्या कुटत आले. पुण्यात १९४० साली के. बी. जोशी यांनी उभारलेली हातकागद संस्थाही कापडाच्या कातरणींवर चालत आली, कारण कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, आणि तोही लांब तंतूंचा. झाडं तोडून कागद करायची रीत फार पुढची, एकोणिसाव्या शतकातली. त्याआधीची जवळपास सतराशे वर्षं लिहिलेला बराचसा कागद म्हणजे कुणाचा तरी जुना सदरा होता!

आता शाळेच्या फाटकाबाहेरची टपरी. पाच रुपयांचं वेफर्सचं पाकीट.

हे पाकीट फार हुशारीने बनवलेलं आहे, आणि तेच त्याचं दुखणं आहे. आतला चकचकीत थर ॲल्युमिनियमचा असतो. किती जाड? साधारण ३० ते ५० नॅनोमीटर. आपल्या केसाच्या जाडीत असे हजाराहून जास्त थर बसतील. निर्वात पेटीत धातूची वाफ करून ती प्लास्टिकवर बसवलेली असते. एवढासा थर, पण तो ओलावा आणि ऑक्सिजन अडवतो. पाकिटात हवेऐवजी नायट्रोजन भरतात, म्हणून तेल खवट होत नाही. त्या थरावर दुसरं प्लास्टिक, मध्ये डिंकासारखं रसायन, वर छपाई. चार पदार्थ असे एकजीव झालेत की कुणालाही ते स्वस्तात सुटे करता येत नाहीत. भंगारवाला पाण्याची बाटली उचलतो आणि पाकिटाकडे बघतही नाही, ते यामुळेच. (आपल्या ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धांबद्दल इथे एक शब्द. बाटलीवर फेविकॉलने थर्माकोल, त्यावर चमकी, त्यावर ऑइलपेंट चढवला की जी बाटली भंगारवाला नेत होता, तीही आता कुणी नेणार नाही.)

आणि किल्ली? बाटलीचं प्लास्टिक, म्हणजे पेट, घ्या. त्याच्या साखळीत ठराविक अंतरावर असा सांधा असतो की जो पाण्याच्या रेणूने तोडता येतो. जपानमधल्या साकाई शहरात बाटल्यांचा पुनर्वापर करणाऱ्या एका कारखान्याबाहेरच्या गाळात शास्त्रज्ञांना एक जिवाणू सापडला, आणि २०१६ साली त्याची बातमी जगाला कळली. तो पेट खातो! ३० अंश उबेत त्याने पेटची पातळ पट्टी सहा आठवड्यांत जवळजवळ संपवली. हे प्लास्टिक जगात येऊन शंभर वर्षंही झालेली नव्हती, आणि त्याच्यासाठी कुणीतरी किल्ली घासून तयार केली होती. वेफर्सच्या पाकिटात मात्र बहुधा पॉलिप्रॉपिलीन असतं. त्याच्या साखळीत कार्बनला कार्बन, पुन्हा कार्बनला कार्बन. पाण्याला घुसायला सांधाच नाही.

मग शाळेने करायचं काय? गुवाहाटीच्या कडेला पामोही गावात परमिता शर्मा आणि माझिन मुख्तार यांनी २०१६ साली ‘अक्षर’ नावाची शाळा काढली. थंडीत आसपासची घरं ऊब मिळावी म्हणून प्लास्टिक जाळत आणि धूर वर्गात येई. आधी शाळेने पालकांना नुसती विनंती केली की प्लास्टिक आमच्याकडे द्या. फारसं कुणी ऐकलं नाही. मग शाळेने फी लावली: आठवड्याला प्रत्येक मुलाने घरून प्लास्टिकच्या २५ वस्तू आणायच्या. लगेच येऊ लागल्या. फुकट मागितलं तर कचरा, फी म्हटलं तर मोलाची वस्तू. माणसाच्या स्वभावाचा हा प्रयोगही काही कमी नवलाचा नाही. जमलेली पाकिटं मुलं बाटल्यांत ठासून भरतात आणि त्या बाटल्या बांधकामात विटांसारख्या वापरतात. पाकीट कुजत नाही, हा दोष भिंतीत गेल्यावर गुण ठरतो.

इतरत्र गोळा झालेली अशी पाकिटं बहुतेक सिमेंटच्या भट्टीत जातात. तिथे १४०० अंशांच्या पुढच्या धगीत ती कोळशाची थोडी जागा घेतात, एवढाच त्यांचा उपयोग. पण पुण्यात एका लहान कंपनीने वेफर्सच्या पाकिटांतलं प्लास्टिक वेगळं काढून त्याच्या गॉगलच्या फ्रेमी केल्या आणि २०२३ साली त्या विकायलाही काढल्या. तेव्हा पाचवीतल्या एखाद्या पोराने मधल्या सुट्टीत गटारात भिरकावलेलं पाकीट उद्या हेडमास्तरांच्या नाकावर बसलेलं दिसलं, तर त्याने दचकू नये.